मागोवा घ्यायचा की गिरवायचं?

कुठलाही दिवाळी अंक किंवा रविवारची पुरवणी उघडा, 'मागोवा' हा शब्द एकदा तरी भेटतो. सरत्या वर्षाचा मागोवा, दलित आत्मकथनांचा मागोवा, अमुक कवीच्या निसर्गकवितेचा मागोवा. लेख वाचून संपवला की बहुतेकदा लक्षात येतं की कुणाच्याही मागावर कुणीही गेलेलं नाही. पुस्तकांची नावं प्रकाशनवर्षाप्रमाणे लावली आहेत, प्रत्येकीबद्दल दोन-दोन वाक्यं आहेत आणि ती वाक्यंही आधीच्या कुणीतरी लिहिलेली आहेत. याला मराठीत वेगळा शब्द आहे: गिरवणे. माझी तक्रार एवढीच आहे की आपण गिरवतो आणि वर पाटी मात्र मागोव्याची लावतो.

ही तक्रार मला साहित्यातून सुचली नाही, नोकरीतून सुचली. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि माझ्या दिवसाचा बराच भाग ट्रेसिंगमध्ये जातो. मूळ गाव नगर जिल्ह्यात, म्हणजे आता सरकारी कागदावर अहिल्यानगर. ऑफिसात हा शब्द दिवसातून वीसदा उच्चारताना एकदा वाटलं, याला मराठीत काय म्हणतात? उत्तर एक निघालं नाही, तीन-चार निघाली आणि ती एकमेकांशी भांडत होती.

आधी इंग्रजी शब्दाचं बघू. लॅटिनमध्ये 'त्राहेरे' म्हणजे ओढणे. त्याचं भूतकाळी रूप 'त्राक्तुस', त्यावरून बोली लॅटिन, मग जुन्या फ्रेंचमधलं 'त्रासिए' आणि तिथून इंग्रजीतला 'ट्रेस'. ट्रॅक्टर याच घरातला. कॉन्ट्रॅक्ट, ॲब्स्ट्रॅक्ट, पोर्ट्रेट हेही चुलत भाऊ. घोड्याला गाडीशी जोडणाऱ्या चामड्याच्या पट्ट्यांनाही इंग्रजीत 'ट्रेस' म्हणतात, कारण त्यांनी गाडी ओढली जाते. उसाच्या हंगामात आमच्याकडच्या रस्त्यावर एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या चाललेल्या असतात आणि मातीत चाकांची नक्षी उमटत जाते. ओढणारा आणि उमटलेला असे दोन्ही अर्थ एकाच चित्रात दिसतात.

ओढण्यापासून या शब्दाच्या दोन वाटा झाल्या. काहीतरी ओढलं गेलं की खूण राहते. त्या खुणेमागे जाणं हा एक अर्थ, आणि इंग्रजीत तो चौदाव्या शतकापासून आहे. दुसरं म्हणजे रेघही ओढलीच जाते. तेव्हा असलेल्या रेघेवरून पुन्हा रेघ ओढणं हा दुसरा अर्थ. चित्रावर पारदर्शक कागद ठेवून नक्कल काढण्याला ट्रेसिंग म्हणणं बरंच अलीकडचं, अठराव्या शतकातलं. म्हणजे इंग्रजीत हा एकच शब्द दोन उलट कामं करतो. चोराच्या मागावर निघालेल्याला माहीत नसतं की तो कुठे पोचणार. कागद ठेवून नक्कल काढणाऱ्याला पेन्सिल टेकवण्याआधीच सगळं माहीत असतं.

यातला दुसरा अर्थ इंजिनिअरिंगला गेलेल्या कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. पहिल्या वर्षाच्या ड्रॉइंगच्या शीटा. दोन खुर्च्यांवर किंवा दोन ट्रंकांवर काच, काचेखाली बल्ब, वर मित्राची शीट, त्यावर आपली कोरी शीट. याला 'जीटी मारणे' म्हणतात. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. महाराष्ट्रातल्या होस्टेलांमध्ये ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि तिची स्वतःची कौशल्यं आहेत: बल्ब किती वॅटचा, कागद कुठे चिकटवायचा, मित्राचं चुकलेलं माप आपल्या शीटवर येऊ नये म्हणून कुठे थांबायचं. शेवटचं कौशल्य फार थोड्यांना यायचं. त्यामुळे एकाची चूक सगळ्या वर्गाच्या शीटांवर हुबेहूब उमटायची, आणि तपासणाऱ्या सरांना मूळ शीट कुणाची हे शोधायचं असलं तर त्या चुकेवरूनच शोधता यायचं. म्हणजे सर पहिल्या अर्थाने ट्रेसिंग करत होते आणि पोरं दुसऱ्या अर्थाने.

मराठीने हा घोळ ठेवलेला नाही. नक्कल करण्याला गिरवणं म्हणतात. आधी धुळाक्षरं गिरवायची, मग पाटीवर, मग कित्ता. 'कित्ता' हा शब्द अरबीतून आला. तिकडे 'कित्आ' म्हणजे तुकडा, आणि सुलेखनाच्या नमुन्यालाही तेच नाव. गिरवण्यात मला कमीपणा दिसत नाही, हात असाच बसतो. शिलालेखाच्या बाबतीत आणखी एक शब्द आहे, ठसा. दगडावर ओला कागद बसवतात, ब्रशने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत उतरवतात आणि वरून शाई फिरवतात. ठसा घेणाऱ्याला अक्षर वाचता आलं नाही तरी चालतं, किंबहुना त्याने स्वतःचं वाचन मध्ये आणू नये हेच बरं.

आणि तिसरा शब्द माग. संस्कृत मार्ग, प्राकृत मग्ग, मराठी माग. यातली गंमत मार्गाच्याही आधीची आहे. 'मार्ग' हा शब्द 'मृग'वरून आला. मृग म्हणजे रानातलं जनावर, आणि त्याच्या जाण्याने पडतो तो मार्ग. मराठीतला 'मागणे' याच कुळातला, कारण मागणं म्हणजे मुळात शोधणं. 'मागे' आणि 'मागून'ही तिथलेच. (हातमागातला माग मात्र या घरातला वाटत नाही, कन्नडमध्ये 'मग्ग' आणि तेलुगूत 'मग्गमु' म्हणजे विणायचा माग, तो दक्षिणेकडून आलेला दिसतो.) गणितात मॅट्रिक्सच्या कर्णावरच्या संख्यांच्या बेरजेला 'ट्रेस' म्हणतात, ते जर्मन 'श्पूर'चं भाषांतर आहे आणि श्पूर म्हणजेही पाऊलखूण. रस्ता, शोध, याचना आणि पाठलाग हे सगळं एका जनावराच्या पावलांतून निघावं ही मला कुठल्याही कवितेइतकी मोठी गोष्ट वाटते, पण तो मुद्दा इथे नाही.

मुद्दा असा की माग हा व्यवहारातला, जबाबदारीचा शब्द होता. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल लिहिला त्यात गावच्या जागल्याची रीत आली आहे. गावात चोरी झाली की माग काढायचं काम जागल्याचं. कुठे तो रामोशी असे, कुठे भिल्ल, कुठे महार. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन पोचवला की त्याचं काम संपलं, पुढे त्या गावच्या जागल्याने तो उचलायचा. ज्याला माग पुढे नेता आला नाही त्याच्यावर भरपाईचं ओझं. माग जिथे तुटला तिथला माणूस उत्तराला बांधलेला, असा हा हिशेब. गरिबावर तो किती अन्यायाचा असेल हे उघड आहे. गेलेल्या मालाची किंमत जागल्या देणार कुठून? पण शब्दाचं वजन त्यातून कळतं.

आमच्या धंद्यातलं ट्रेसिंग नेमकं हेच आहे. तुम्ही फोनवर एक बटण दाबता आणि ती एक विनंती आत वीस-तीस वेगवेगळ्या प्रणालींतून फिरून येते. वाटेत कुठे अडकली हे कळावं म्हणून तिला पहिल्या वेशीवर एक क्रमांक देतात, ट्रेस आयडी. प्रत्येक प्रणालीने तो क्रमांक पुढच्या प्रणालीच्या हाती द्यायचा. गूगलने २०१० साली 'डॅपर' नावाच्या आपल्या यंत्रणेवर निबंध प्रसिद्ध केला, तेव्हापासून ही रीत सगळीकडे पसरली. शिवेवर माग सोपवणं, दुसरं काही नाही. मागच्या वर्षी एका बाहेरच्या पुरवठादाराच्या प्रणालीपाशी आमचा माग तुटायचा. क्रमांक त्यांच्याकडे जायचा आणि पुढे निघायचाच नाही. दोन आठवडे पत्रव्यवहार चालला आणि प्रत्येक उत्तरात 'आमच्या बाजूने सर्व सुरळीत आहे' हे वाक्य होतं. जागल्याची रीत त्यांना लावता आली असती तर बरं झालं असतं, असं तेव्हा फार वाटलं.

फरक एकच आहे, पण तो मोठा आहे. आमचा ट्रेस आयडी आम्हीच आधी पेरलेला असतो. चोर क्रमांक टाकत जात नाही. माग हा कुणीतरी नकळत सोडलेला असतो, म्हणूनच तो वाचावा लागतो, आणि वाचताना चुकायची शक्यता कायम राहते.

आता साहित्याकडे येतो, कारण या शब्दाचा मला माहीत असलेला सगळ्यात ताकदीचा वापर आमच्याच जिल्ह्यात झाला आहे. नेवासे, प्रवरेच्या काठी, शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटाकडे ज्ञानेश्वर आपण काय केलं ते सांगतात. तिथे ते म्हणतात की मी व्यासांचा मागोवा घेत, भाष्यकारांना वाट विचारत निघालो. योग्यता नसली तरी पोचणार नाही तर जाईन कुठे? भाष्यकार म्हणजे परंपरेने शंकराचार्य. त्याच्या जवळपासच तो प्रसिद्ध राजहंसाचा दाखला आहे: त्याची चाल देखणी म्हणून इतर कुणी चालूच नये की काय?

या ओवीचा अर्थ 'व्यासांना अनुसरून' एवढाच घेतला तर सगळं निसटतं. अनुसरणारा वाट विचारत नाही, पुढचा दिसत असतो. वाट विचारावी लागते ती पुढचा दिसेनासा झाल्यावर, पाऊलखुणा दगडावर आल्यावर, फाटा लागल्यावर. ज्ञानेश्वर एकाच ओवीत दोन वेगळी कामं सांगतात. व्यासांच्या खुणा पाहायच्या, आणि त्या जिथे कळत नाहीत तिथे आधी जाऊन आलेल्याला विचारायचं. विचारायचं, त्याच्या पाठीवर बसायचं नाही. हा मला नम्रतेचा उद्गार वाटतो त्याहून जास्त पद्धतीचा खुलासा वाटतो. टीका कशी लिहिली, याचं उत्तर त्यात आहे.

आणि ते उत्तर खरं आहे का, हे ग्रंथात तपासता येतं. गीतेचे श्लोक सातशे, ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या घरात. कागद ठेवून गिरवलं असतं तर सातशेच्या जागी नऊ हजार होत नाहीत. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं येतात, त्यात 'अहिंसा' हा मूळ श्लोकातला नुसता एक शब्द आहे, यादीतला. ज्ञानेश्वर त्यावर इतका वेळ थांबतात की वाचणाऱ्याला श्लोकाचा विसर पडतो. आधी हिंसेच्या नाना तऱ्हा, मतामतांतले युक्तिवाद, मग अहिंसा अंगात मुरलेला माणूस कसा चालतो, बोलतो, पाहतो. त्यातलं चालणं पाहा. कमळावर भुंगा पाय ठेवतो तो केसर चुरगळेल या धास्तीने, तसा हा माणूस जमिनीवर पाऊल टाकतो, कारण अणूएवढ्या जागेतही जीव असतील. व्यासांच्या श्लोकात पाऊल कुठेच नाही. व्यास त्या शब्दावरून पुढे निघून गेले आहेत. मागून आलेल्याने वाकून जमीन बघितली. आणि त्याला तिथे दिसला तो आपली खूण उमटू नये असं चालणारा माणूस! माग काढणाऱ्या कवीने माग न सोडणाऱ्याचं इतकं बारीक वर्णन करावं, यात मला मौज वाटते. तो योगायोगही असेल.

इथपर्यंत कौतुक. पण खुद्द ज्ञानेश्वरीच्या संहितेचा माग काढायला गेलो तर काय होतं? मूळ हस्तलिखित उपलब्ध नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी प्रती मिळवून, ताडून, शुद्ध प्रत सिद्ध केली. तेव्हा जवळजवळ तीनशे वर्षं झाली होती, अपपाठ शिरले होते, काम होणं गरजेचंच होतं. पण एकनाथांनी कुठल्या प्रतीत काय होतं आणि आपण काय ठेवलं, काय सोडलं, याची नोंद आपल्यापर्यंत आलेली नाही. जे आलं ते शुद्ध केलेलं एकसंध रूप, आणि यात आपली ओवी घालणाऱ्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजावं, हा इशारा. माझ्या धंद्याच्या भाषेत हा फोर्स पुश आहे: आजची अवस्था उत्तम, आधीचा इतिहास पुसलेला. राजवाड्यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून एक वेगळी प्रत छापली तेव्हा केवढा वाद झाला, आणि तो वाद मिटवायला लागणारा माग कुणाच्याच हाती नव्हता. एकनाथांच्या काळात पाठभेद नोंदवायची पद्धतच नव्हती, असं यावर कुणी म्हणेल.

ते मला पटत नाही, कारण पद्धत होती आणि तीही जवळच होती. म्हाइंभट हे सराळ्याचे, म्हणजे नगर जिल्ह्यातलेच. चक्रधर गेल्यावर त्यांच्या आठवणी गोळा करायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. नागदेवाचार्यांना विचारलं, ज्यांनी ज्यांनी चक्रधरांना पाहिलं, ऐकलं होतं त्यांच्याकडे जाऊन विचारलं, आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात 'लीळाचरित्र' उभं राहिलं, ज्ञानेश्वरीच्या थोडं आधी. पुढे खलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी गेली असं परंपरा सांगते. मग ज्यांना पाठ होतं त्यांच्या आठवणीतून ती पुन्हा सिद्ध केली गेली. हिराइसा ही त्यातली मोठी, तिच्या पाठांतराची ख्याती होती. या पुनर्लेखनात महानुभावांनी जे केलं ते आजच्या कुठल्याही संशोधकाने पाहावं असं आहे. एखाद्या लीळेबद्दल आठवणी जुळल्या नाहीत तर एक खरी मानून बाकीच्या फेकल्या नाहीत. हिराइसेची वासना अशी, अमक्याची तशी, असं नाव घेऊन ठेवून दिलं. वासना म्हणजे इथे पाठ, त्या माणसाला आठवणारं रूप. वि. भि. कोलते यांनी १९७८ मध्ये संपादित केलेली प्रत चाळताना मला सगळ्यात जास्त बांधून ठेवलं ते या नोंदींनी. घटना तीच, पण एकीला चक्रधरांचे शब्द एक आठवतात, दुसऱ्याला दुसरे, आणि पोथी कुणालाही खोटं पाडत नाही.

भक्तांनी, आपल्या देवाच्या बाबतीत, हे केलं. ज्या माणसाचा प्रत्येक शब्द आपल्याला शास्त्र आहे, त्याचा शब्द नक्की कोणता होता याबद्दलचा मतभेद लिहून ठेवायला किती धीर लागत असेल. मी एकनाथांचा मोठेपणा कमी करत नाही. त्यांच्यामुळे ज्ञानेश्वरी घराघरात टिकली, आणि वासनांनी भरलेली पोथी पारायणाला सोयीची नसते हेही खरं. पण मागोवा कुणी घेतला, असं विचारलं तर मी म्हाइंभट आणि हिराइसेकडे बोट दाखवीन.

यात एक जमिनीची गोष्टही येते. चार वर्षांपूर्वी आमच्या चुलत्यांनी बांधाच्या वादावरून मोजणी आणली. भूकरमापकाने जुनं टिपण काढलं, नकाशाची ट्रेसिंग त्यावर लावून पाहिली, यंत्र रोवलं. दुपारी तो चुलत्यांना म्हणाला, "अण्णा, नकाशात दगड आहे, जमिनीवर नाही." शेजाऱ्याचा म्हातारा तिथेच लिंबाखाली बसला होता. तो उठला, चार पावलं बाजूला गेला आणि टाच आपटून म्हणाला, "हितं उकरा." तिथे दगड निघाला नाही, पण जुन्या चुन्याचा थर निघाला. क प्रतीवर यातलं काही आलं नाही. तिच्यावर रेघा आणि आकडे आले. म्हाताऱ्याची वासना नोंदवायला तिच्यात रकाना नाही.

शब्दाचं पुढे काय झालं, ते लवकर सांगता येईल. सत्तरच्या दशकात पुण्यातल्या डाव्या तरुणांनी 'मागोवा' नावाचं मासिक काढलं, सुधीर बेडेकर त्याचे संपादक. तेव्हा त्या नावात अजून चालण्याचा, मागावर असण्याचा अर्थ शिल्लक असावा. नंतर शब्द पुरवण्यांत गेला, मग समारंभांत. 'संस्थेच्या पन्नास वर्षांचा मागोवा' म्हणजे फोटोंचा अल्बम. आणि २०२० उजाडलं. एखाद्या माणसाला कोविड झाला की तो कुणाकुणाला भेटला, कुठल्या लग्नाला गेला, कुठल्या एसटीत बसला, हे खरोखर शोधायचं होतं. आशाताई वही घेऊन दारोदार फिरत होत्या. जागल्याने केलं तेच काम, शिवेवरून शिवेवर. मराठीकडे त्यासाठी सातशे वर्षांहून जुना, अचूक शब्द होता. बातम्यांत आला तो 'काँटॅक्ट ट्रेसिंग', फार तर 'संपर्कातील व्यक्तींचा शोध'. माग काढणे हे कुणाला सुचलं नाही, किंवा सुचलं तरी तो चोरांसाठीचा शब्द वाटला. मागोवा तर तोपर्यंत इतका शालीन झाला होता की त्याला गल्लीत पाठवणं शक्यच नव्हतं.

इंग्रजी शब्द आला म्हणून मी रडत नाही, मी स्वतः दिवसभर ट्रेसिंगच म्हणतो. मला खटकतं ते असं की खरं काम परक्या शब्दाकडे गेलं आणि आपला शब्द नुसत्या शीर्षकांसाठी उरला, त्यामुळे शीर्षकाखाली काय असायला हवं हे विचारायची सवयही गेली. समीक्षेचा लेख वाचताना मी आता तीन गोष्टी बघतो. लेखकाला कुठे वाट विचारावी लागली का? विचारली तर कुणाला, ते सांगितलंय का? आणि दोघांनी दोन वाटा सांगितल्या तेव्हा त्याने काय केलं? बऱ्याच लेखांत तिन्ही ठिकाणी कोरं असतं. ग्रामीण कादंबरीवरचे लेख याचे खास नमुने आहेत. चार-पाच ठरलेली नावं ठरलेल्या क्रमाने येतात आणि जीटीच्या शीटांसारख्या चुकाही त्याच येतात, त्याच ठिकाणी. मूळ शीट कुणाची, ते सहज ओळखता येतं.

याच्या उलट एक पुस्तक आहे, ज्याला साहित्य म्हणायला आपण कचरतो. 'स्थानपोथी', चौदाव्या शतकातली, मुनिव्यासांची. चक्रधर जिथे जिथे राहिले, थांबले, बसले त्या जागांची ही नोंद. देऊळ कुठल्या तोंडाचं, त्याच्या कुठल्या दिशेला काय, ओटा कुठे, नदी किती अंतरावर. उपमा नाही, भक्तीचे उमाळे नाहीत. भिंगार येतं, नेवासे येतं, श्रीरामपूर तालुक्यातलं आजचं कमालपूर 'डोमेग्राम' म्हणून येतं, जिथे गोदावरीच्या काठी चक्रधरांचा मुक्काम बरेच महिने होता. त्यातली पुष्कळ देवळं आता नाहीत, नदीने काठ बदललेत, गावांची नावं बदललीत. तरी महानुभाव मंडळी हातात ही पोथी घेऊन जागा शोधतात, इथे पूर्वेला तोंड, तिथून उत्तरेला अमुक, असं वाचत पावलं टाकतात आणि बरोबर ठिकाणी येऊन थांबतात.